बाळ दत्तक देण्याचा विचार आणि मधली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दत्तक घेणाऱ्यांसाठी माहितीचा तोटा नाही. नोंदणी कुठे करायची, किती वर्षं थांबावं लागतं, घरी कोण पाहणीला येतं, सगळं सापडतं. जिच्या पोटचं बाळ असतं तिच्यासाठी मात्र सहसा एकच वाक्य असतं : "तू काळजी करू नकोस, आम्ही सगळं बघतो." हे बघणारे कोण, त्यांनी तिच्याशी कसं वागायला हवं आणि प्रत्यक्षात कसं वागतात, त्याबद्दलचे हे प्रश्न. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती समोर ठेवून दिली आहेत. कायदा म्हणजे इथे मुख्यतः २०१५ चा बाल न्याय अधिनियम आणि २०२२ ची दत्तक नियमावली.

बाळ दत्तक द्यायला मध्यस्थ लागतोच का?

नाही. खासगी मध्यस्थाला या कायद्यात जागाच नाही. बाळ सोपवायचं ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर. बाळाला सांभाळणार सरकारमान्य विशेष दत्तक संस्था, आणि ते कोणत्या घरी जाणार हे 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या ऑनलाइन यादीतल्या क्रमानुसार ठरणार. डॉक्टर, नर्स, आया, दाई, आशाताई, वकील, देवस्थानाचे विश्वस्त, गावातले 'समाजसेवक' यांपैकी कोणीही आईला समितीपर्यंत पोचवू शकतं, आणि पोचवावंच. बाळ कोणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार मात्र त्यांच्यापैकी एकालाही नाही.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर १०९८ वर फोन करा. फोन फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही जाता येतं.

मग लोक मध्यस्थाकडे जातात कशाला?

गुप्ततेसाठी. पैशाचा मुद्दा बहुतेक वेळा नंतर येतो. मुलीला पाचवा-सहावा महिना लागल्यावर घरात कळतं, आई-बाप हादरतात, आणि तेव्हा जो माणूस "कुठेही नाव येणार नाही" म्हणतो तो देवासारखा वाटतो. मुलीला दूरच्या शहरात मावशीकडे पाठवलं जातं, शेजारीपाजारी "कोर्सला गेलीय" असं सांगितलं जातं. हा सगळा काळ मुलगी त्या माणसाच्या मुठीत असते. तिचे कागद, तिचा मोबाइल, दवाखान्याचं बिल, सगळं त्याच्याकडे.

गंमत म्हणजे तो जी गुप्तता विकतो ती कायदा फुकट देतो. सोपवलेल्या बाळाची जाहिरात किंवा जाहीर सूचना काढता येत नाही. आईच्या खासगीपणाचा मान राखणं समितीवर आणि संस्थेवर बंधनकारक आहे. अविवाहित आईला पूर्ण समितीसमोर उभं राहण्याचीही गरज नाही. एकाच सदस्यासमोर, शक्यतो महिला सदस्यासमोर, कागद करता येतो.

ही गरज महाराष्ट्राला नवी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते नेमकं यासाठीच : विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं. १८७४ मध्ये तिथल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या माणसांनी उभं केलेलं बालकाश्रमही त्याच शतकातलं. त्या काळात हे काम करणाऱ्यांना समाजाच्या शिव्या खाव्या लागल्या. आज हेच काम करतो म्हणणाऱ्याला पाकीट मिळत असेल तर जरा थांबून विचारावं, हे नेमकं कोणाचं काम चाललंय.

डॉक्टर म्हणतात, "माझ्या ओळखीचं चांगलं कुटुंब आहे." त्यात वाईट काय?

कुटुंब चांगलं असेलही. प्रश्न पुढे काय होतं त्याचा आहे, म्हणून हे नीट समजून घ्या.

अशा प्रकारात बहुतेक वेळा मुलीला दुसऱ्याच बाईच्या नावाने दाखल करून घेतात. केसपेपरवर, बाळंतपणाच्या नोंदवहीत, डिस्चार्ज कार्डावर, सगळीकडे मूल घेणाऱ्या बाईचं नाव. तोच कागद महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जातो आणि जन्मदाखल्यावर तिचंच नाव चढतं. कागदोपत्री तुमच्या मुलीने कोणाला जन्म दिलेलाच नसतो.

आता पुढचं बघा. तिला नंतर रक्तस्राव झाला, टाके पिकले, तर ती कोणत्या कागदावर उपचार घेणार? तिचं मन बदललं तर बाळ आपलं आहे हे कशाच्या आधारावर सांगणार? आणि त्या बाळाला वीस वर्षांनी आपण कोण हे जाणून घ्यायचं असेल, तर माग काढायला कुठेही धागा नाही. घेणारं जोडपंही कायम धास्तीत, कारण त्यांच्याकडे दत्तकाचा आदेश नाही, खोटा दाखला आहे.

कायद्याच्या भाषेत प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैशासाठी मुलाची खरेदी-विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. आणि ते करणारा दवाखान्याचा किंवा प्रसूतिगृहाचा माणूस असेल तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. "डॉक्टरांनी केलंय म्हणजे कायदेशीर असणार" हा समज म्हणूनच सोडून द्या.

बाळ जन्मायच्या आधीच सही घेतात. ती चालते का?

चालत नाही. पोटात बाळ असताना घेतलेल्या संमतीला अर्थ नाही. भारताने २००३ मध्ये मान्य केलेल्या आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात हे स्पष्ट आहे : आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच, आणि पैशाच्या आमिषाशिवाय. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी आणखी पुढे जाऊन म्हटलं होतं की जन्माआधी आणि जन्मानंतर तीन महिने तरी आई-वडिलांना असा निर्णय घ्यायला लावू नये, घेऊही देऊ नये. तीन महिन्यांची ती मुदत आजच्या कायद्यात त्या रूपात राहिलेली नाही. मला विचाराल तर ती जास्त शहाणी होती.

आगाऊ सही करून ठेवली असेल, "ॲडव्हान्स" घेतला असेल, तरी बाळ द्यायला आई बांधील नाही. बाळंतपणाचा खर्च कोणी केला म्हणून बाळावर त्याचा हक्क होत नाही.

समितीसमोर नेमकं काय घडतं?

पोलीस ठाण्यासारखं वातावरण असेल ही भीती सगळ्यांनाच असते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. आई बाळाला घेऊन येते किंवा संस्थेची समाजसेविका तिच्यासोबत येते. तिच्याशी बोलणं होतं : का सोपवायचंय, घरून दबाव आहे का, मूल ठेवण्याचा काही मार्ग आहे का, मदत मिळाली तर ठेवाल का. हे प्रश्न तिला टोचतात, कारण ती मनाची तयारी करून आलेली असते. पण ते विचारणं समितीचं आणि संस्थेचं काम आहे. आईला मूल ठेवायला प्रोत्साहन द्यावं आणि मूल सोपवलं की ते मुदतीनंतर परत मिळत नाही हे समजावून सांगावं, असं नियमावलीच सांगते.

मग समर्पणपत्र होतं. सगळे त्याला 'सरेंडर डीड'च म्हणतात. त्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळतीलच असं नाही. कागद तुमच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. कोलामी, गोंडी, पावरी बोलणारी मुलगी असेल तर ती भाषा जाणणारं माणूस सोबत असू द्या, कारण मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. दुसरं, "मला एकटीला बोलायचंय" असं सांगा आणि आई, भाऊ, मामा, सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर बसवा. तिसरं, सही केलेल्या कागदाची प्रत घ्या. ती देणं बंधनकारक आहे. "घरी कोणाच्या हाती लागेल" म्हणून ती दिली जात नसेल तर म्हणा, मी बघते कुठे ठेवायची ते.

दोन महिन्यांची मुदत म्हणजे काय?

समर्पणपत्र झाल्यापासून आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. या काळात बाळ कोणालाही दत्तक देता येत नाही. मन बदललं तर तिने समितीकडे जायचं, समिती चौकशी करून बाळ परत देऊ शकते. मुदत संपली की बाळ 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' जाहीर होतं आणि मग परतीचा रस्ता बंद.

माझ्या मते सगळ्या कायद्यात आईसाठी सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि मधली माणसं सर्वात आधी तीच खातात. कोणी सांगतच नाही. कोणी सांगतं, पण "उगाच मागे वळून बघू नकोस, आता संसाराचं बघ" अशा शेपटासह. काही जण तर बाळ परत मागणाऱ्या मुलीला खर्चाचा हिशेब दाखवतात : एवढं दूध, एवढी औषधं, भरा आणि न्या. असा हिशेब मागण्याचा अधिकार संस्थेला नाही. असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी समितीला लेखी कळवा.

मध्यस्थ भला की बुरा हे ओळखायची एकच खूण सांगायची तर ती घाई. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं उरकायची घाई मूल घेणाऱ्यांना असते, घरच्यांना असते, दवाखान्याला असते. फक्त तिला नसते. जो माणूस तिच्या बाजूचा आहे तो थांबवतो.

चांगली संस्था आईशी कशी वागते?

मोठ्या पाट्यांवरून कळत नाही. बारीक गोष्टींवरून कळतं.

एक अगदी साधं उदाहरण. बाळंत झाल्यावर साधारण तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं. बाळ जवळ असो वा नसो, शरीराला ते माहीत नसतं. छाती दगडासारखी होते, ताप चढतो, ब्लाउज भिजतो, आणि ती मुलगी एखाद्या नातेवाइकाच्या घरी, जिथे कोणाला काही कळू द्यायचं नाही, तिथे संडासात जाऊन ओढणी घट्ट आवळत असते. हे होणार आहे हे तिला आधी कोणी सांगितलं होतं का? डॉक्टरांना विचारून औषध दिलं का? पिळून काढायचं की नाही, गाठ झाली तर कुठे दाखवायचं, हे बोललं गेलं का? ज्या संस्थेची ताई हे आठवणीने सांगते तिथे आईचा विचार होतो. जिथे बाळाचं वजन, लसी, रक्तगट यांची फाइल चोख आणि आईच्या तब्येतीचा एक शब्द नाही, तिथे ती फक्त बाळ आणून देणारी बाई आहे.

आणखी काही खुणा. बाळाला बघायचं, कुशीत घ्यायचं असेल तर घेऊ देतात का? बघायचं नसेल तर बळजबरी करत नाहीत ना? दोन्ही बाजूंनी जबरदस्ती होते. "बघू नकोस, माया लागेल" म्हणणारे आहेत, तसे शिक्षा म्हणून बाळ मांडीवर आणून ठेवणारेही आहेत. दोन महिन्यांत फोन केला तर बाळ बरं आहे एवढं तरी सांगतात का? सगळ्या संस्थांची पद्धत सारखी नाही, म्हणून आधीच विचारून ठेवा.

आणि बोलणं. "मजा मारताना नाही कळलं?" हे वाक्य प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या अविवाहित मुलींना ऐकावं लागतं, अजूनही. हे बोलणाऱ्याशी भांडायची ताकद त्या वेळी तिच्यात नसते. सोबत असलेल्या बाईने तरी गप्प बसू नये.

आम्ही नवरा-बायको आहोत, पण तिसरी मुलगी पोसणं शक्य नाही. एकाची सही पुरते का?

दोघांची लागते. एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा बेपत्ता असेल किंवा येतच नसेल, तर बाळ 'सोपवलेलं' न धरता 'परित्यक्त' (म्हणजे सोडून दिलेलं) धरून समिती पुढची प्रक्रिया करते. मूल लग्नाबाहेरचं असेल तर ते सोपवण्याचा अधिकार फक्त आईला आहे. तिचे वडील, भाऊ, आजी, कोणीही तिच्याऐवजी सही करू शकत नाही.

मुलगी अठराच्या आत आहे. मध्यस्थ म्हणतो पोलीस केस टाळून देतो.

तो खोटं बोलतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाची खबर पोलिसांना देणं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, बंधनकारक आहे. ती लपवणं हाच गुन्हा. भीती समजण्यासारखी आहे, विशेषतः मुलगा ओळखीतला असेल आणि दोघांचं प्रेम असेल तेव्हा. पण मुलीचं नाव, गाव, शाळा, फोटो काहीही बाहेर आणता येत नाही. समर्पणपत्रावर सही तिचीच, सोबतचा सज्ञान माणूस साक्षीदार म्हणून सही करतो.

त्यांनी बाळंतपणाचा खर्च केला आणि वर पन्नास हजार देतो म्हणाले. गरिबाने घेतले तर काय बिघडलं?

कायद्याने बिघडतं, हे वर सांगितलं. विक्रीच्या गुन्ह्यात आई-वडीलही आरोपी होऊ शकतात, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. मध्यस्थाचा बचाव नेहमी तोच असतो : पैसे त्यांनीच मागितले.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. राहायची सोय नसेल तर महिला व बालविकास विभागाची महिलांसाठीची निवारागृहं आहेत, चौकशीसाठी १८१ ला फोन करा. संस्थेला बाळ सोपवताना आईकडून एक रुपया घेतला जात नाही आणि तिला दिलाही जात नाही.

वकिलाने स्टँपपेपरवर दत्तकपत्र करून दिलं, नोटरीही झाली. पुरेसं आहे ना?

इथे थोडी गुंतागुंत आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली थेट दत्तक देता येतं आणि बाल न्याय कायदा त्याच्या आड येत नाही. बहिणीने बहिणीला मूल देणं वगैरे जुन्या चालीचे दत्तक त्यातच बसतात. पण त्यालाही अटी आहेत : आई-वडिलांनी स्वतः देणं, एकमेकांची संमती, प्रत्यक्ष देणं-घेणं, आणि मोबदला अजिबात नाही. मोबदला घेतला तर त्या कायद्यातही शिक्षा आहे. या वाटेची अडचण अशी की आईला समुपदेशन नाही, दोन महिने नाहीत, आणि एकदा वैध दत्तक झालं की ते रद्द होत नाही. अनोळखी जोडप्याला मूल देताना कोणी ही वाट दाखवत असेल तर त्याने आईची सगळी कवचं काढून घेतली असं समजा. नुसत्या नोटरीने दत्तक सिद्ध होत नाही, हे वेगळंच.

घेणारे आई-बाप आम्ही निवडू शकतो का? फोटो मिळतील का?

नाही, दोन्हीला. "दर वाढदिवसाला फोटो पाठवू" हे आश्वासन देणारा ते पाळण्याच्या स्थितीत नसतो.

समितीकडे जायचीच हिंमत नसेल तर?

पाळणा. दत्तक संस्थांबाहेर, काही रुग्णालयांत पाळणा ठेवलेला असतो, तिथे बाळ ठेवता येतं. परित्यक्त बाळाच्या चौकशीत जन्मदात्या आई-वडिलांवर गुन्हा नोंदवू नये असं २०१५ च्या कायद्यात स्पष्ट आहे, आणि नाइलाजाने सोडलं असेल तर दंडाची तरतूद लागू होत नाही. तरीही बस स्टँडवर किंवा झुडपात सोडलेल्या बाळाच्या बातमीत "निर्दयी मातेचा शोध सुरू" हेच छापून येतं आणि पोलीसही पुष्कळदा गुन्हा दाखल करूनच पुढे जातात. बाप त्या बातमीत कधीच नसतो. बाळाच्या जिवासाठी आणि स्वतःसाठीही, उघड्यावर सोडण्यापेक्षा सोपवणं केव्हाही बरं.

उद्या मूल मोठं होऊन दारात उभं राहिलं तर? माझ्या सासरी काही माहीत नाही.

असं थेट कोणी येऊ शकत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो, पण यंत्रणेने आधी जन्मदात्या आईची इच्छा विचारायची असते. सोपवताना तुम्ही ओळख गुप्त ठेवायला सांगितली असेल तर तुमच्या लेखी संमतीशिवाय ती उघड होत नाही. त्रयस्थ माणसाला असा शोध घ्यायला परवानगी नाही. म्हणून गुप्तता हवी असेल तर सोपवतानाच ती कागदावर नोंदवून घ्या. आणि पुढे कधी भेटावंसं वाटलं तर, असंही नोंदवता येईल का विचारा. विशीत नको वाटलेलं चाळिशीत हवंसं वाटतं, असं पुष्कळ बायका सांगतात.

मूल ठेवायचंय, पण बापाचं नाव नाही. जमेल का?

जमतं. अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं आणि जन्मदाखलाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सांगितलं आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अविवाहित मातृत्व हे पात्रतेचं कारण धरलेलं आहे आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पैसे वेळेवर येतातच असं मी म्हणणार नाही, अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या आया आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, पांढरकवड्याकडच्या कुमारी मातांना विचारा, मूल त्यांनी ठेवलंच, प्रश्न रेशन कार्डाचा आणि जातीच्या दाखल्याचा होता. मध्यस्थ यातलं काही सांगत नाही, कारण मूल ठेवणाऱ्या आईकडून त्याला काही मिळणार नसतं.

बाळ आधीच घेऊन गेलेत. आता काय करू?

आधी बालकल्याण समितीला लेखी कळवा, तारीख टाकून, पोच घेऊन. सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला, उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो, फोन १५१००. पैसे घेतले असतील तर ते वकिलापासून लपवू नका. आणि पोलिसांत जाण्याआधी त्या वकिलाशी बोला. जवळ जे असेल ते जपा : सोनोग्राफीचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, फोनवरचे मेसेज, ज्या गाडीने नेलं तिचा नंबर, वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फोन. दुसऱ्याच्या नावाने दाखल केलं असेल तर त्या शेजारणीची साक्ष आणि तुमचे आधीचे सोनोग्राफीचे कागद यांवरच बरंच काही अवलंबून असतं. मध्यस्थाला "तक्रार करते" असं फोनवर सांगू नका.